धुराचं पत्रक

आमच्या दुकानाला रस्त्याच्या बाजूने भिंतभर काच आहे, पण तिच्यातून आतलं काही दिसत नाही. अमिरातीतल्या रास अल खैमाच्या हमरस्त्यावर आम्हाला दारू विकायची परवानगी आहे, दाखवायची नाही. बाहेर जाहिरात नाही, रोषणाई नाही. गिऱ्हाईक बाहेर पडतं ते काळी पिशवी घेऊन. त्यामुळे दुकानाला जे काही बोलायचं असतं ते आत, फळीवर, बाटलीच्या पायाशी ठेवलेल्या तळहाताएवढ्या कार्डावर. ती कार्डं गेली आठ वर्षं मी हाताने लिहिते.

नोकरीच्या कागदावर माझं पद 'सेल्स असोसिएट' आहे. पण मला विचाराल तर मी पत्रकं लिहिते. दुसरं काही मला शिकवलेलंच नाही.

माझं माहेर वर्धा जिल्ह्यातलं. जिल्ह्यात दारूबंदी. वडील शाळामास्तर आणि शाळा सुटली की दारूबंदीचे कार्यकर्ते. घरात खेळण्यांपेक्षा पत्रकांचे गठ्ठे जास्त. मी आणि आई जेवणानंतर बसून पत्रकांच्या घड्या घालायचो. सहावीत असताना माझं पहिलं वाक्य छापून आलं: 'बाप येतो तेव्हा दार वाजतं, पिऊन येतो तेव्हा दार आदळतं.' बाबांनी त्यातला एक शब्द बदलला नाही. त्या दिवशी मला जे वाटलं ते नंतर कुठल्याही पगाराने वाटलं नाही.

बाबांचे पत्रकाबद्दलचे कायदे कडक होते. मजकूर एका पानात बसला पाहिजे. जे आपण स्वतः पाहिलं नाही ते लिहायचं नाही. आणि खाली नाव पाहिजे, पूर्ण नाव. निनावी पत्रक त्यांनी कधी वाटलं नाही. "ज्याले नाव टाकायची लाज वाटते, त्यानं कागद खराब करू नये," असं ते छापखान्यात उभं राहून मोठ्याने म्हणायचे.

मग अशा घरची मुलगी दारूच्या दुकानात कशी? नागपूरला हॉटेल मॅनेजमेंट केलं, इथल्या समुद्रावरच्या एका हॉटेलात वेटर म्हणून आले, बारमागे उभी राहिले, तिथून या दुकानात. हे झालं कारण. खरी गोष्ट वेगळी आहे. आमच्या जिल्ह्यात दारू बंद होती आणि तरी ती मिळत होती. नवसागर घातलेली, प्लास्टिकच्या पिशवीत, कोणाच्याच नावाची नाही. ती पिऊन माणसं आंधळी झाली तर जाब कोणाला विचारायचा? इथे आल्यावर मी पहिल्यांदा अशी बाटली पाहिली जिच्यावर गाव, भट्टी, वय, पिंप सगळं लिहिलेलं होतं. मला राग आला. प्यायची तर प्या, पण आमच्या माणसांना ती निदान नावगावासकट मिळायला हवी होती, एवढंही कोणी केलं नाही. तो राग अजून गेलेला नाही. मी त्याच्यावरच काम करते.

दुकानात लागले तेव्हा बाबांना फोन करून सांगितलं. ते एवढंच म्हणाले, "खोटं तर नाही ना बोलावं लागत?" मी म्हटलं, नाही. विषय तिथे मिटला आणि पुढे आठ वर्षं निघाला नाही. मीही एक पथ्य पाळलं. कार्डाखाली फक्त 'समता' एवढंच लिहायचं. आपल्याकडे पूर्ण नाव म्हणजे मधे बापाचं नाव. ज्या नावाने आयुष्यभर दारूविरुद्ध पत्रकं निघाली, ते मी दारूच्या बाटलीखाली कसं लिहू?

आता त्या बाटलीबद्दल सांगते जिच्यामुळे हे सगळं पुन्हा निघालं. आमच्या दुकानात तिला सगळे 'धुरवाली' म्हणतात.

जव भिजत घालायचे, मटकीला आणतो तसे मोड आणायचे आणि मोड फुटले की वाळवून तिथेच थांबवायचे. कुठलीही माल्ट व्हिस्की इथून सुरू होते. पुढे दळण, गरम पाणी, आंबवणं, तांब्याच्या मोठ्या भांड्यांतून बहुतेक दोनदा ऊर्ध्वपातन आणि मग ओकच्या पिंपात वर्षानुवर्षं मुक्काम. सिंगल माल्ट म्हणजे निव्वळ मोड आलेल्या जवांची आणि एकाच भट्टीतली. निम्म्या गिऱ्हाइकांना वाटतं, एकाच पिंपातली. तसं नाही. सिंगल म्हणजे एक घर. घरात पिंपं कितीही असोत.

धूर येतो तो वाळवण्यातून. स्कॉटलंडच्या पश्चिमेला एक वाऱ्याचं बेट आहे. त्याचं नाव आयला. (हसून घ्या. आमचं प्रत्येक मराठी गिऱ्हाईक हसतं.) त्या बेटावर जाळायला पुरेशी झाडं नव्हती. होती ती दलदल, आणि तिच्यात हजारो वर्षं दबत, कुजत गेलेलं गवत आणि शेवाळ. त्याला पीट म्हणतात. त्याच्या विटा कापायच्या, वाऱ्यावर सुकवायच्या आणि चुलीत घालायच्या. आपल्या गोवरीची चुलत बहीणच. घर त्याच्यावर तापायचं, अन्न त्याच्यावर शिजायचं आणि ओले जवही त्याच्याच धुरावर वाळायचे. तो धूर दाण्याला धरतो आणि पुढे दळण, उकळ, तांबं, दहा वर्षांचं लाकूड, कशालाही दाद देत नाही. शेवटी ग्लासात उतरतोच.

नंतर मुख्य भूमीवर रेल्वेने कोळसा पोचला तसे तिथले बरेच लोक बिनधुराच्या वाटेने गेले. या बेटावर धूर राहिला. लोक नावं ठेवत राहिले आणि तो राहिला. आज जगातले श्रीमंत ज्याच्यासाठी पैसे मोजतात तो वास मुळात गरिबाच्या चुलीचा आहे. ही गोष्ट मी दुकानात कोणालाही, कितीही वेळा, न थकता सांगते.

पण इथे येणाऱ्या दहातल्या नऊ माणसांना एकच हवं असतं. स्मूद. "मॅडम, कुछ स्मूद दिखाओ." दुबईहून दीड तास गाडी हाणून येतील आणि स्मूद मागतील. धुरवाली स्मूद नाही. ती उंबऱ्यातूनच भांडत आत येते. म्हणून ती फळीवर पडून असायची, आणि तिच्या कार्डावर मी इमानदारीत लिहिलं होतं, इंग्रजीत: समुद्री शेवाळ, आयोडीन, डांबर लावलेला दोर, हेदरच्या शेकोटीचा धूर.

मग महाजन आले. अबुधाबीला तेल कंपनीत मोठ्या हुद्द्यावर, मूळचे जळगावचे. त्यांनी बॉसला घरी जेवायला बोलावलं होतं. "साहेब ब्रिटिश आहे, काहीतरी सॉलिड पाहिजे. चारशे दिरामपर्यंत चालेल. म्हणजे नऊ-साडेनऊ हजार झाले ना आपले?" त्यांनी स्वतःच धुरवाली उचलली, कार्ड वाचलं, मान डोलावली आणि गेले. पुढच्या शनिवारी ते परत आले. काळ्या पिशवीत बाटली, बाटलीत तळाशी चार बोटं.

"मॅडम, हा डुप्लिकेट माल आहे."

"सर, सील तुम्हीच तोडलंत ना?"

"सीलचं काय सांगता! आपल्याकडे सीलपण डुप्लिकेट मिळतं. अहो, फिनेलचा वास! आठ माणसं बसली होती. एक जण म्हणाला, दवाखान्यात बसल्यासारखं वाटतंय. बायको स्वयंपाकघरातून धावत आली, विचारते काय सांडलं? अर्धी सिंकमध्ये ओतली. माझी इज्जत खलास झाली."

"आणि साहेब?"

"साहेब काय, हसत होता. त्याने दुसरा पेग मागितला. मला वाटलं टोमणा मारतोय."

मी कार्ड उचलून त्यांच्यासमोर धरलं. "सर, मी लिहिलं होतं. आयोडीन. डांबर. धूर. तुम्ही वाचलंत."

"वाचलं हो. मला वाटलं, असंच लिहितात."

"असंच म्हणजे?"

"म्हणजे लग्नपत्रिकेत असतं ना, आमचे येथे श्रीकृपेकरून. कोण अर्थ लावत बसतं?" मग कार्डाकडे बोट दाखवून म्हणाले, "आणि हे हेदर म्हणजे काय?"

"झुडूप असतं एक."

"तुम्ही पाहिलंय?"

मी म्हटलं, "सर, बिल आणलंय का?"

महाजनांनी मुख्य कार्यालयाला लांबलचक तक्रार पाठवली. चार दिवसांनी आमचे मॅनेजर थॉमस सर मला आत बोलवून म्हणाले, "समता, मैं बोला था ना? कार्ड में पोएट्री नहीं, स्मूद लिखो. अब ऑफिस का मेल आया. हाथ का कार्ड सब बंद. प्रिंटेड आएगा, सब ब्रांच में सेम."

"सर, वो कार्ड झूठ बोलेंगे."

"कार्ड झूठ नहीं बोलता. कार्ड इंग्लिश बोलता."

थॉमस सर केरळातल्या कोट्टायमचे. पंचवीस वर्षं इथे आहेत, वाईट माणूस नाही. त्यांनी ते छापील नमुने मला दाखवले. 'मृदू. समृद्ध. खास क्षणांसाठी.' कुठल्याही बाटलीखाली ठेवा, चालेल. शांपूखालीही चालेल. मी तिथेच भांडायला लागले. दोनशे कार्डं मी लिहिली होती. ती गेली तर मी काय उरले? बिलं मारणारी मशीन. शेवटी मी पैज लावली. धुरवालीच्या अठ्ठेचाळीस बाटल्या कितीतरी महिने तशाच होत्या. पाच आठवड्यांनी माल मोजणीचा दिवस होता. तोपर्यंत माझ्या कार्डाने निम्म्याहून जास्त विकल्या गेल्या तर?

"तो मैं ऑफिस को मेल लिखेगा," थॉमस सर म्हणाले. "इन्शाल्ला. पर होगा नहीं."

मी नवं कार्ड लिहिलं. आधीचाच मजकूर, आणि वर लाल शाईने: ही स्मूद नाही. स्मूद हवी असेल तर पुढे जा. पहिल्या आठवड्यात एक बाटली गेली. ती घेणारा स्कॉटिश इंजिनिअर होता. त्याने कार्डाकडे पाहिलंसुद्धा नाही.

याच सुमाराला बाबा आले. व्हिजिट व्हिसा, दोन आठवडे. आईला विमान नको होतं. अंगात खादीचा सदरा, खांद्याला झोळी, झोळीत आईने दिलेले मुगाचे लाडू. मी त्यांना डोंगरावर नेलं, समुद्रावर नेलं. तिसऱ्या दिवशी नाश्ता करताना म्हणाले, "तुयं दुकान केव्हा दाखवते?"

मी म्हटलं, "बाबा, तिथं काय पाहता?"

"आठ वर्षं झाली. पोरगी काय करून राहिली, ते पाहू तर दे."

ते दुकानात शिरले आणि मधोमध उभे राहिले. चारी बाजूंना छतापर्यंत बाटल्या. ज्या माणसाने गावोगावच्या बायांबरोबर भट्ट्या फोडल्या तो माणूस हजारो बाटल्यांच्या मध्ये झोळी सावरत उभा होता. थॉमस सर धावत आले, "अंकल, चाय?" बाबांनी चहा घेतला. एक घोट पिऊन त्यांनी जे विचारलं ते मला आजही जसंच्या तसं ऐकू येतं.

"इथं कोणाले नाही म्हणते का तू?"

मी सांगितलं. एक मराठी गृहस्थ होते, इथल्या टाइल्सच्या कारखान्यात. दिवसाआड यायचे. सकाळी दुकान उघडताना दाराशी उभे. मी पाच महिने हसून 'गुड मॉर्निंग सर' म्हणत त्यांना पिशवी दिली. एका सकाळी त्यांना बँकेच्या कार्डाचा पिन दाबता येईना, बोटं थरथरत होती. तेव्हा मी म्हटलं, आज नाही, सर. आधी डॉक्टरकडे जा, मी येते बरोबर. ते मला वाट्टेल ते बोलले आणि दुसऱ्या दुकानात गेले. पुन्हा दिसले नाहीत.

"मंग पाच महिने काय पाहून राहिली होती?"

"बिल," मी म्हटलं.

बाबांनी मान हलवली. रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. त्या माणसाला मी पाचव्या महिन्यात नाही म्हटलं याचा मला अभिमान वाटत होता. त्यांच्या एका प्रश्नानंतर, पहिल्या महिन्यात म्हटलं नाही, एवढंच उरलं. ते अजून तसंच आहे.

मग ते फळीशी गेले, चष्मा पुसला आणि धुरवालीचं कार्ड वाचू लागले. लाल अक्षरं पाहून म्हणाले, "दम काहून देऊन राहिली लोकाइले?"

"कारण ते ऐकत नाहीत, बाबा. खरं लिहिलं तरी ऐकत नाहीत."

आमच्या दुकानात चाखायला ओतून देत नाहीत. पण हुंगायला मी धुरवालीचा एक ग्लास ठेवते, तळाशी बोटभर, वर झाकण. बाबांनी त्याकडे पाहिलं. "वासच आहे ना? आण."

हे मात्र सांगायला हवं. बाबांनी आयुष्यात थेंब घेतलेला नाही, पण त्यांच्या नाकासारखं नाक मी या धंद्यातही पाहिलेलं नाही. कोणाच्याही घराच्या मागच्या दारात उभं राहून ते सांगायचे, इथे मोहाची गाळली, इथे सडक्या गुळाची, इथे नवसागर जास्त पडला आहे. पोलीस त्यांना पंच म्हणून न्यायचे ते या नाकासाठी. त्यांनी झाकण काढलं, ग्लास नाकाखाली धरला, डोळे मिटले. थॉमस सर आणि आमची फिलिपिनो सहकारी जॉय, दोघं काम सोडून पाहत होते.

"रोडगे," बाबा म्हणाले.

आमच्याकडे शेतात गोवऱ्यांचा जाळ करून त्याच्या आरात कणकेचे गोळे भाजतात. राख झटकायची, फोडायचे, तुपात बुडवायचे. आठ वर्षं मी तो ग्लास रोज हुंगत होते आणि मला समुद्री शेवाळ येत होतं, कारण कंपनीच्या पुस्तिकेत समुद्री शेवाळ लिहिलं होतं.

बाबा अजून डोळे मिटून होते. "पंगत बसली आहे वावरात. आन् मागून कंपाउंडर येऊन राहिला, टिंचरची बाटली घेऊन." मग डोळे उघडले. "हे काहून नाही लिहिलं? हेदर लिहिलं. तू पाहिलं काय हेदर?"

महिन्याभरात तोच प्रश्न दुसऱ्यांदा. या वेळी बिल मागायची सोय नव्हती.

"नाही, बाबा."

"डांबराचा दोर हुंगला कधी?"

"नाही."

"मंग हे खोटं झालं का खरं?"

ते तेवढंच म्हणाले, ग्लासवर झाकण ठेवलं आणि उरलेला चहा संपवला. मी खोटं बोलत नाही हा माझा आठ वर्षांचा ताठा होता. माल खरा होता, शब्द उसने होते. महाजनांना ते लग्नपत्रिकेसारखे वाटले यात त्यांचं काय चुकलं? मी कायदा मोडला होता आणि तोही घरचाच.

बाबा गेल्यावर मी धुरवालीचं कार्ड फाडलं आणि मराठीत लिहिलं:

'ही दारू गोड बोलणारी नाही. हुंगलीत तर आधी वावरातला जाळ येईल: गोवऱ्यांच्या आरातले रोडगे, चुलीत भाजलेलं वांगं. मागोमाग टिंचर, शाळेत गुडघा फुटल्यावर लावायचे तसं. तोंडात मध, मीठ आणि राख. कोल्ड्रिंकमध्ये घालू नका, दोन्ही वाया जातात. चार थेंब पाणी पुरे. ज्याचा स्वभाव माहीत नाही त्याला भेट देऊ नका.'

पण मराठी माणसं किती येणार? मी जॉयच्या हातात ग्लास दिला. तिने हुंगलं आणि हसली. तिची आई नाश्त्याला धुरावर वाळवलेले मासे तळते, तिनापा म्हणतात, तोच वास. तिने तिच्या भाषेत कार्ड लिहिलं. नेपाळी सुरक्षारक्षक म्हणाला, चुलीवर टांगून सुकवलेलं मांस. त्याचंही कार्ड झालं. थॉमस सर दोन दिवस लांबून पाहत होते. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "ये शेल्फ है या एअरपोर्ट?" मग ग्लास उचलला. हुंगला, परत हुंगला.

"क्या हुआ, सर?"

"मेरा अप्पन, फादर, उसका रबर का बाग था. शीट सुखाने का एक धुएँ वाला कमरा. हम भाई लोग उधर छुपता था." त्यांनी ग्लास खाली ठेवला आणि माझ्याकडे हात पसरला. "पेन दो."

मल्याळम कार्ड त्यांनी स्वतः लिहिलं. दोन्ही बाजूंनी.

मग बाटल्या हलायला लागल्या. लोक कार्ड वाचून थांबायचे, ग्लास मागायचे आणि त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी यायचं. काही जण नाक मुरडून निघूनही गेले. तेही मला आवडलं. निदान ते खरं वाचून गेले. बाबांचा प्रश्न मी विसरले नव्हते. दोन जणांना मी त्याच महिन्यात नाही म्हटलं, पहिल्याच दिवशी.

चौथ्या आठवड्यात महाजन आले. त्यांना स्मूद हवी होती, ती घेतली, आणि जाता जाता त्यांची नजर मराठी अक्षरांवर पडली. ते थांबले, वाचलं, ग्लास हुंगला.

"ओ मॅडम. चुलीत भाजलेलं वांगं नाही हे."

"मग?"

"कपाशीच्या काड्यांवरचं. चुलीत भाजून भरीत होतं का कधी? जळगावला या, दाखवतो." त्यांनी पुन्हा हुंगलं. "आयला. हे तर आमच्या शेतातलं भरीत आहे. आणि मी सिंकमध्ये ओतलं!"

मी त्यांच्यासमोर पेनने 'चुलीत' खोडलं आणि 'कपाशीच्या काड्यांवर' लिहिलं. त्यांनी स्मूद परत फळीवर ठेवली आणि दोन धुरवाल्या घेतल्या. दारातून म्हणाले, "साहेब टोमणा मारत नव्हता म्हणजे."

मोजणीच्या दिवशी अठ्ठेचाळीसपैकी नऊ उरल्या होत्या. थॉमस सरांनी शब्द पाळला, मेल लिहिला. तीन दिवसांनी उत्तर आलं. हाताची कार्डं चालतील, पण प्रत्येक कार्डाखाली लिहिणाऱ्याचं पासपोर्टवरचं पूर्ण नाव हवं. तक्रार आली तर कोणाला धरायचं ते कळलं पाहिजे. नाव नसेल तर सोमवारच्या गाडीने छापील कार्डं येतील.

थॉमस सर खूश होते. "यल्ला, लिखो. समता रघुनाथ वानखडे."

मला लिहिता येईना. दोनशे कार्डं समोर, हातात पेन, आणि मी 'समता'च्या पुढे जात नव्हते. कार्यालयाचं म्हणणं चूक नव्हतं. तोच तर बाबांचा कायदा. पण तो पाळायचा तर बाबांचंच नाव दारूखाली जात होतं. गावात कोणी फोटो दाखवला तर? ज्या बायांनी त्यांच्या शब्दावर नवऱ्यांशी वैर घेतलं, त्या काय म्हणतील? मी ठरवलं की सोमवारी छापील येऊ द्यावीत. मग वाटलं, हेही विचारून करावं. फोन केला.

बाबांनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, "वाच."

"काय?"

"कार्ड वाच. आता काय लिहिलं आहे ते."

मी धुरवालीचं कार्ड वाचलं. कपाशीच्या काड्यांवर आले तेव्हा मागून आईचा आवाज आला, "हे बरोबर आहे." शेवटपर्यंत वाचलं. बाबांना बोलायला अवघड जात होतं, ते मला फोनवरही कळत होतं.

"एक गोष्ट राहिली त्यात," ते म्हणाले. "तो टाइल्सवाला माणूस राहिला. त्याच्यासाठी एक ओळ नाही तुह्या पत्रकात."

"कोणती ओळ, बाबा?"

"ते तू लिही. पाहिलं तू आहे."

मी फोन कानाला धरूनच लिहिलं आणि वाचून दाखवलं: 'ज्याला ही रोज लागते त्याला मी ती देणार नाही. त्याच्याबरोबर डॉक्टरकडे येईन.'

"हं," बाबा म्हणाले. "आता नाव टाक."

"पूर्ण?"

"अर्धं नाव टाकणं तुले कोणी शिकवलं? मी तर नाही." मग जरा थांबून म्हणाले, "मजकुरापेक्षा मोठं नको काढू. बारीक टाक. माह्या बाया वाचतील तर वाचतील. मी सांगीन त्याइले."

सोमवारी गाडी आली आणि छापील कार्डांचा खोका थॉमस सरांनी तसाच परत चढवला. ती शेवटची ओळ मी आता प्रत्येक कार्डाखाली लिहिते, धुरवालीच असं नाही. थॉमस सर म्हणाले, "ये लाइन से धंधा कम होगा." मी म्हटलं, होऊ दे. पण त्यांच्याच मल्याळम कार्डाखाली दुसऱ्या दिवशी एक ओळ वाढली होती आणि त्यांचं पूर्ण नाव.

महाजन अजून येतात. परवा चष्मा कपाळावर चढवून कार्डाचा अगदी तळ वाचत होते.

"रघुनाथ म्हणजे वडील ना तुमचे?"

"हो."

"घेतात का ते?"

"नाही. थेंबसुद्धा नाही."

"मग त्यांचं नाव कसं इथे?"

"मजकूर त्यांनी तपासलाय," मी म्हटलं आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळले.